पाव कोणी पोचवला?

दामोदर तुळसकरचा मला हेवा वाटायचा. वाटायचा असं लिहिलं म्हणून आता वाटत नाही असा अर्थ कुणी काढू नये. मध्यंतरी जावयानं जेवताना सहज विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी ड्रेस्डेनला आपल्यापैकी आणखी कोण होतं?" मी "होता एक तुळसकर म्हणून" एवढंच म्हणालो आणि आमटी वाढायला सांगितली. बायको गालातल्या गालात हसली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तिला तुळसकरबद्दल सांगायला बसलो होतो, तो फराळ संपला तरी माझं संपलं नव्हतं. "एवढा राग आहे तर एवढं आठवतं कसं तुम्हाला?" असं तिनं तेव्हा विचारलं होतं. राग नव्हताच कधी. राग असता तर सोपं गेलं असतं.

पन्नासचं दशक संपता संपता आम्ही दोघं शिष्यवृत्तीवर पूर्व जर्मनीत गेलो. मी पुण्याचा, मेकॅनिकलला. तो वेंगुर्ल्याचा, कापडगिरणीची यंत्रं शिकायला आलेला. मी कॉलेजपासून डाव्या विचारांचा. लक्ष्मी रोडवर उभं राहून साप्ताहिकं विकलेली, त्यापायी वडिलांशी अबोला धरलेला. कामगारांचं राज्य डोळ्यांनी बघायचं म्हणून मी निघालो होतो. बोटीवर तुळसकरला विचारलं, तू का निघालास, तर म्हणाला, "अर्ज केलंय, गावली."

अंगानं काटकुळा, कान मोठे, आणि गळ्यात राखी रंगाचा लोकरीचा मफलर. हा मफलर तो थंडीसाठी वापरायचा नाही, उपरण्यासारखा वापरायचा. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी त्याचं टोक डाव्या खांद्यावरून मागे टाकायचा. वडील त्याचे हरिदास, तुळसकरबुवा. नारदाच्या गादीवर उभं राहून कीर्तन करणारे. याचं सगळं लहानपण त्यांच्यामागे झांजा धरून गेलेलं. कुठलीही गोष्ट सांगायची म्हणजे आधी नमन, मग निरूपण, मग आख्यान, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. मेसमध्ये बटाट्याचं सूप संपलं ही बातमीसुद्धा तो सरळ सांगत नसे.

जर्मन भाषा मी व्याकरणातून शिकलो. त्या भाषेत टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी. हे मी रात्रंदिवस घोकून बिनचूक केलं. तुळसकरनं लिंगाबिंगाच्या भानगडीत न पडता कानांनी भाषा उचलली आणि तोंडाला येईल तशी वापरली. आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या आजीबाई मी शुद्ध जर्मनमध्ये ब्रोटशेन, म्हणजे छोटे पाव, मागितले की मोजून द्यायच्या. तुळसकर अशुद्ध मागायचा, तर वर एक जास्तीचा, आणि "मुला, टोपी घाल रे" असा उपदेश. मी तिथे उभा राहून माझे पाव पुन्हा मोजायचो.

तिथे एकाच पक्षाचं राज्य होतं, आणि त्या पक्षाचा इतिहास हा विषय इंजिनिअरपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्या जर्मन मुलांना सक्तीचा होता. आम्हा परदेशी मुलांना विनंती केली तर सूट मिळायची. मी ती मागितली नाही. देवळात येऊन गाभाऱ्यात न जाणारा मी नव्हे. तुळसकरनंही मागितली नाही, कारण त्या वर्गातली शेगडी बरी पेटायची.

शिकवायला फ्राऊ डॉक्टर लेनर्ट. पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. नात्झींच्या तुरुंगात त्या काही वर्षं होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. आवाज कोरडा. उत्तर चुकलं तर त्या गप्प राहायच्या आणि बरोबर आलं तर म्हणायच्या, "रिश्टिश." म्हणजे बरोबर. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त रिश्टिश मला मिळायचे. सगळी अधिवेशनं, सगळे ठराव, कोणत्या गटाची कोणती चूक पक्षानं कधी दुरुस्त केली, हे मला मनाच्या श्लोकांसारखं पाठ होतं. त्या बाईंनी मला आपलं म्हणावं, एवढी एकच माझी इच्छा होती. आपला मुलगा आपल्यापेक्षा हुशार निघाला की आई ज्या नजरेनं बघते, तसं त्यांनी एकदा बघावं. परमुलखात एकटा पडलेला पोरगा काय काय मागतो.

पहिल्या वर्षाअखेर तोंडी परीक्षा झाली. दोघादोघांना आत बोलवायचे, आणि माझ्या नशिबी जोडीदार तुळसकर. मला विचारलं त्याचं मी न अडखळता उत्तर दिलं. "रिश्टिश. रिश्टिश." मग त्या तुळसकरकडे वळल्या. बंदीच्या काळातलं आपल्या शहरातलं काम सांगा, म्हणाल्या.

आमच्या पुस्तिकेत त्यावर चार ओळी होत्या. नात्झी राजवटीत पक्षावर बंदी आली, पत्रकं नदीच्या अलीकडे तळघरात छापली जायची आणि पलीकडच्या कारखान्यांत पोचवायला लागायची. पुलावर शिपाई. तेव्हा कॉम्रेड ब्रूनो हाल्के हा बेकरीचा गाडीवान पत्रकं पावांच्या पोटात भाजून घेऊन पुलापार न्यायचा आणि पलीकडे एका कॉम्रेड बाईच्या दारात उतरवायचा. संपलं.

तुळसकरनं मफलर खांद्यावर टाकला. आधी त्यानं एल्बे नदी उभी केली. मग धुकं. मग हाल्केचा घोडा, ज्याचा पुस्तिकेत कुठेही उल्लेख नाही. तो घोडा बरोब्बर पुलाच्या मध्यावर अडला. शिपाई जवळ आला. त्याला वास आला ताज्या पावाचा, म्हणाला, एक दे. आता पोटात पत्रक नसलेला पाव गाडीत एकच, आणि तो कुठे ठेवलाय ते हाल्के घाबरून विसरलेला. इथे तुळसकर थांबला आणि शांतपणे पेल्यातलं पाणी प्यायला. पूर्वरंग संपल्यावर बुवा थांबतात तसा. फ्राऊ डॉक्टरांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती ती तशीच राहिली. माझंही तोंड उघडं होतं, ते मी मिटलं. सापडला एकदाचा तो पाव, हलला घोडा, आणि पलीकडच्या घराचं दार उघडून खांद्यावर शाल घेतलेली बाई बाहेर आली.

"शाल नव्हती," फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या. "एप्रन."

चला, एक गुण गेला, मी मनात म्हणालो. तुळसकरनं तिथल्या तिथे शाल काढून एप्रन नेसवला, पाव दारात उतरवले, हाल्केला त्याच वाटेनं घरी नेला, घोड्याला चंदी घातली, आणि हात जोडून बसला. फ्राऊ डॉक्टरांनी पेन्सिल पुन्हा अंबाड्यात खोचली. मग म्हणाल्या, "श्योन." म्हणजे सुंदर.

तिकडे एक हा सगळ्यात वरचा आकडा. त्याला एक मिळाला आणि मला दोन. व्हरांड्यात तो मला म्हणाला, "पंत, तुझां जास्त पाठ होता." हे तो मनापासून म्हणाला, आणि तेच मला सहन झालं नाही. त्या रात्री मी अंथरुणात पडून स्वतःशी 'श्योन' म्हणून बघितलं.

दुसऱ्या वर्षी वर्ग सुरू झाले तेव्हा पक्षाच्या इतिहासाची नवी पुस्तिका आली. असं दर वर्षा-दोन वर्षांनी व्हायचं. जुनी आणून द्या, नवी घेऊन जा, बोहारणीसारखा रोखठोक व्यवहार. नवीत काय बदललंय ते कुणी विचारायचं नाही, आणि ज्याला विचारावंसं वाटे तो आधी शेजारच्याचं तोंड बघायचा. या खेपेला आमच्या शहरातला ब्रूनो हाल्के गेला होता. कुठल्याशा सभेत तो वरच्या मंडळींना उलटून काही बोलला म्हणे, आणि पक्षातून काढला गेला. आणि पक्षातून गेला तो भूतकाळातूनही गेला. चार ओळी होत्या तशाच होत्या. तळघर होतं, पूल होता, शिपाई होता, दार उघडणारी बाईसुद्धा होती. मात्र 'पाव पलीकडे पोचवले जात' असं वाक्य झालं होतं.

तुळसकरनं वर्गात हात वर केला. "फ्राऊ डॉक्टर, पाव कोणी पोचवला?"

फ्राऊ डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या. "पक्षानं," त्या म्हणाल्या.

मी जोरात मान हलवली. आमच्या खोलीवर आल्यावर मी त्याला समजावलंही, की इतिहास व्यक्ती घडवत नाहीत, वर्ग घडवतो. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अरे मेल्या, पुलावर घोडो अडलो तेव्हा लगाम कोणाच्या हातात होतो? वर्गाच्या?"

"घोडा तू घातलास! घोडा नव्हताच!"

"घोडो माझो. पण पाव तर खरो ना?"

मग त्यानं मला त्याच्या वडिलांची गोष्ट सांगितली. तुळसकरबुवा एकदा हरिश्चंद्राचं आख्यान लावून बसले होते. तारामतीच्या मांडीवर सर्पदंशानं गेलेला रोहिदास, स्मशान, बायका पदर डोळ्यांना लावतायत. इतक्यात देवळाच्या मागे कुणाच्या तरी गोठ्याला आग लागली म्हणून ओरडा झाला, सगळे पळाले, बुवांनी घाईघाईनं आरती उरकली आणि तेही घरी गेले. पानावर बसले, पहिला घास उचलला, आणि ताटावरून उठले. रोहिदासाला जिवंत करायचं राहिलं होतं. त्याच पावली परत गेले, आग विझवून दमलेल्या माणसांना पुन्हा देवळात बसवलं, पोराला उठवला, आईबापांच्या कुशीत दिला, तेव्हा घरी येऊन जेवले. "बाबा म्हणत, लोक काय म्हणतले? पोरगो मसणात पडलोहा, आनि बुवा जेवूक गेलो!" तुळसकर हसत सुटला. हसता हसता थांबून म्हणाला, "आख्यानात माणूस घेतलो की तेका घराक पोचवूचो लागता, पंत. मगे तो कोणय असूंदे."

मला ती गोष्ट फार आवडली. आवडली म्हणूनच आणखी जळफळाट झाला. माझ्या वडिलांनी मला शुद्धलेखन शिकवलं होतं.

पक्षाचा वर्धापनदिन आला. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात समारंभ, बाहेरून पाहुणे येणार, आणि परदेशी विद्यार्थ्यांपैकी एकानं या शहरातल्या लढ्यावर बोलायचं ठरलं होतं. निवड फ्राऊ डॉक्टरांकडे. मी आठवडाभर खपून भाषण लिहिलं, नव्या पुस्तिकेबरहुकूम. त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाल्या, "रिश्टिश. सगळं रिश्टिश आहे." मग घडी घालून मला परत दिलं. "बोलेल तुळसकर. त्याचं लोक ऐकतात. तुम्ही त्याच्या मजकुराकडे लक्ष द्या."

म्हणजे नवरदेव तो, आणि मी घोड्याचा लगाम धरणारा.

समारंभाच्या आधी त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलवून दार लावून घेतलं. "ते नाव घ्यायचं नाही," त्या तुळसकरला म्हणाल्या. "घेतलंस तर तुला परत पाठवतील. पदवी नाही, काही नाही. मला काही करता येणार नाही. कळलं?" तुळसकर म्हणाला, कळलं. पदवीला त्याचं एकच वर्ष उरलं होतं. वेंगुर्ल्याला बुवांनी गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगा जर्मनीहून इंजिनिअर होऊन येतोय. कीर्तनाच्या शेवटी सांगत असत म्हणे, प्रसाद वाटायच्या आधी.

मी त्याची तालीम घेतली. नीट घेतली. तळघर, पत्रकं, पाव पोचवले जातात, दार उघडतं. दोनदा, चारदा, बिनचूक. हाल्केचं नाव नाही, घोडासुद्धा नाही. "शब्द दे," मी म्हणालो. त्यानं दिला. आणि तो खोटं बोलला नाही हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर लाल कापड, बँड, पहिल्या रांगेत छातीवर बिल्ले लावलेले पाहुणे, आणि कडेला फ्राऊ डॉक्टर. तुळसकरनं मफलर टाकला आणि नदी उभी केली. बिल्लेवाले खुर्चीत पुढे सरकले. मी भिंतीशी उभा राहून ते बघत होतो आणि माझं पोट दुखत होतं. काय वाटेल ते होवो, हे मला कधीही जमणार नव्हतं. धुकं आलं. पूल आला. पाव निघाले.

आणि तुळसकर थांबला. पाणी प्यायला थांबला नव्हता. अडला होता. भर पुलावर पाव उभे आणि ते ओढणारं कुणी नाही. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी ओठांनी सांगितलं, 'पोचवले जातात, पोचवले जातात'. मग त्यानं फ्राऊ डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, फक्त त्याच्याकडे बघत राहिल्या. माझ्याकडे एकदा तरी तसं बघावं म्हणून मी जीव टाकत होतो, तीच ती नजर.

"गाडी हाकत होता ब्रूनो हाल्के," तुळसकर म्हणाला.

मग घोडाही आला. शिपाई आला, बिनपत्रकाचा पाव हरवला आणि सापडला, एप्रनवाल्या बाईनं दार उघडलं. तुळसकरनं हाल्केला परत पूल ओलांडून घरापर्यंत नेला, दिवा लावायला लावला, आणि शेवटी कीर्तनात म्हणतात तसं म्हणाला, जिथे असेल तिथे तो सुखी असो. हात जोडले. टाळी पडली नाही. कुणीतरी खूण केली आणि बँड वाजायला लागला.

इथे वाचकाला वाटेल, आता हा सांगणार की मी चुगली केली. नाही केली. सगळं सभागृह ऐकत होतं, माझी गरजच नव्हती. मला काही विचारायलाही कुणी आलं नाही. काही दिवसांत अभ्यासात प्रगती समाधानकारक नाही म्हणून तुळसकरची शिष्यवृत्ती बंद झाली. फ्राऊ डॉक्टरांचे तास दुसऱ्या कुणाकडे गेले. खोलीवर सामान बांधताना मी त्याच्यावर खूप ओरडलो. बापाला काय तोंड दाखवणार आहेस, म्हणालो. तो ट्रंकेच्या कडीशी झटापट करत होता. "बाबांका एकट्याक कळात," तो म्हणाला.

रोस्टॉकहून मालवाहू बोटीनं त्याला मुंबईला जायचं होतं. सकाळची गाडी. पावसाळी, मळकट सकाळ, कोळशाच्या धुराचा वास. त्याला पोचवायला मी एकटाच होतो. बाकीच्या मुलांना त्या दिवशी नेमकी कामं निघाली होती. ट्रंक चढवली, तो डब्याच्या पायरीवर उभा राहिला, आणि मला फलाटाच्या टोकाकडून अंबाड्यात पेन्सिल खोचलेलं डोकं येताना दिसलं.

त्या आमच्याशी हस्तांदोलन करत बसल्या नाहीत. सरळ पायरीशी गेल्या आणि म्हणाल्या, "तुळसकर, नोख आइनमाल." म्हणजे आणखी एकदा. "पुलापासून."

त्यानं घड्याळाकडे बघितलं. मफलर डाव्या खांद्यावरून मागे टाकला. इंजिनाच्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागलं असतं, पण तो हळूच बोलला, आणि फ्राऊ डॉक्टर पायरीच्या दांड्याला धरून, टाचा उंचावून ऐकत होत्या. धुकं, घोडा, शिपाई. हाल्के पलीकडे पोचला, दार उघडलं, एप्रनवाली बाई पुढे आली. इथे फ्राऊ डॉक्टरांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. पाव ऊन असतात, ते घेताना तळवे जरा वर उचलून धरतात, तसे. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. हाल्केसाठी दार उघडणारी ती बाई माझ्यासमोर उभी होती. आणि पाव पक्षानं पोचवला हे आम्हाला तिनंच शिकवलं होतं.

शिट्टी झाली. तुळसकरनं हाल्केला घाईनं घराकडे वळवला. गाडी हलली तरी तो दारात उभा राहून सांगतच होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. फ्राऊ डॉक्टर गाडीबरोबर चार पावलं चालल्या. मग गाडी वळणाआड गेली.

पुढे मी इंजिनिअर झालो, पहिल्या वर्गात आलो, पुण्यात नोकरी केली, बंगला बांधला. तुळसकर वेंगुर्ल्यात शाळेत शिकवतो आणि वडिलांच्या गादीवर उभा राहतो, असं उडत उडत कानावर आलं. मी गेलो नाही कधी. जाऊन मागे बसून ऐकावं लागलं असतं.

त्या सकाळी फलाटावर फ्राऊ डॉक्टर आणि मी, दोघंच उरलो होतो. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे न पुसता पुन्हा ठेवून दिला. मला काहीतरी बोलायचं होतं. त्यांच्या मनाला लागेल, त्यांना माझ्याकडे वळून बघावंसं वाटेल असं काहीतरी. मी खूप शोधलं.

"गाडी वेळेवर सुटली, फ्राऊ डॉक्टर," मी म्हणालो.

"रिश्टिश," त्या म्हणाल्या, आणि ट्रामकडे चालायला लागल्या.